पुतळ्याचा आवाज

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या शनिवारी आपल्या देवळाच्या बेसमेंटमध्ये मखराचं काम चाललं होतं. पुठ्ठे कापता कापता एका काकूंनी मला विचारलं, "काय हो डॉक्टर, गुरुवारी सकाळी तुमचा फोन कधी लागत नाही. क्लिनिक असतं का?" मी म्हटलं, "नाही काकू, गुरुवारी सकाळी मी पुतळ्याचा आवाज असते." काकूंनी कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे स्मरणिकेत लिहा की." म्हणून हा लेखनप्रपंच. पण त्या दिवशी मी काकूंना अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी लिहायला मला वर्ष लागलं.

मी इंटर्निस्ट आहे. ज्या हॉस्पिटलात मी रेसिडेंट डॉक्टरांना शिकवते तिथे एक सिम्युलेशन सेंटर आहे. सेंटर म्हणजे एक खोटी खोली. पलंग खरा, मॉनिटर खरा, ऑक्सिजनची नळी खरी, पेशंट मात्र प्लास्टिकचा. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळ्यांवर टॉर्च मारला तर बाहुल्या लहान होतात, स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसातली करकर ऐकू येते. किंमत चांगल्या मोटारीएवढी. एवढं सगळं येणाऱ्या या गृहस्थाला बोलता मात्र येत नाही. ओठ हलत नाहीत. डोक्यात एक स्पीकर बसवलेला असतो आणि भिंतीपलीकडे, एकतर्फी काचेमागे बसलेला माणूस मायक्रोफोनमधून त्याच्यासाठी बोलतो. गुरुवारी तो माणूस मी.

सुरुवातीला वाटलं, यात काय कठीण आहे? इतकी वर्षं पेशंट ऐकतेय, त्यांच्यासारखं बोलायचं. पहिल्याच दिवशी फजिती झाली. पेशंटला दम्याचा जोरदार अटॅक आलेला, मॉनिटरवर ऑक्सिजन ८२ टक्के, आणि मी काचेमागे कॉफीचा कप हातात धरून सांगतेय, "डॉक्टर, मला काल संध्याकाळपासून त्रास होतोय, पंप दोनदा घेतला पण काहीच फरक नाही." अख्खं वाक्य, एका दमात! समोरचा रेसिडेंट गोंधळला. ज्याला श्वास पुरत नाही तो एवढं लांब कसं बोलेल? त्यानं मॉनिटरपेक्षा माझ्या आवाजावर विश्वास ठेवला आणि औषध द्यायला उशीर केला. चूक माझीच होती. आमचा टेक्निशियन म्हणजे पंचविशीतला पोरगा. त्यानं मला नंतर शिकवलं: तीन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. हल्ली दम्याची केस असली की मी आधी जिना दोनदा चढून येते.

बोलणं हे मुळात एक लक्षणच आहे, हे आम्ही डॉक्टर विसरतो. अर्धांगाच्या झटक्यात माणूस शब्द शोधत राहतो. रक्तातली साखर उतरलेला शांत माणूस एकदम शिव्या द्यायला लागतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या आजी नातवाला भावाच्या नावानं हाक मारतात. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, बेशुद्धी मोजायची जी पट्टी काढली त्यात एकूण गुण १५, आणि त्यातले ५ फक्त बोलण्याचे. नीट उत्तर दिलं तर पाच, भरकटलेलं दिलं तर चार, नुसतं कण्हलं तर दोन. तेव्हा बोलणारा पुतळा ही काही चैनीची गोष्ट नाही. मुका पेशंट म्हणजे तपासणीतलं एक अंगच गायब.

गेल्या दोन-तीन वर्षांत यात संगणकाचं नवं ज्ञान आलं आहे. आता काचेमागे माणूस नसला तरी चालतं. केसची माहिती भरली की संगणक पेशंट होऊन उत्तरं देतो, तीही कितीतरी भाषांत. मी हौसेनं मराठी लावून पाहिली. पुतळा म्हणाला, "मला छातीत तीव्र वेदना होत असून त्या डाव्या हातापर्यंत पसरत आहेत." मला हसूच फुटलं. अशी पेशंट मला उभ्या आयुष्यात भेटलेली नाही. आपली माणसं वेदना होत आहेत असं कधी म्हणतात का? ती म्हणतात, "काही नाही हो, जरा गॅस धरलाय." शिवाय हा संगणक फार सभ्य. विचारलं तेवढं नेमकं सांगतो, डॉक्टरांचं बोलणं तोडत नाही, आणि मुख्य दुखणं सोडून गुडघ्याची गोष्ट सुरू करत नाही. खरा पेशंट दाराशी डॉक्टरचा हात मुठीवर असताना म्हणतो, "आणखी एक सांगायचं राहिलं..." आणि तीच खरी गोष्ट असते. संगणक सुधारेल, वर्षभरात कदाचित गुडघ्याबद्दलही बोलायला लागेल. माझा मुद्दा निराळा आहे, त्याकडे येते.

पुतळ्यावर शिकणं नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा अध्याय आहे. त्यात शिष्यांनी छेद घ्यायचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांच्यावर करावा आणि पट्टी बांधायचा सराव पुस्तमय पुरुषावर, म्हणजे माणसाच्या आकाराच्या बनवलेल्या बाहुल्यावर करावा, असं सांगितलंय. (सगळं आपल्याकडे आधीच होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण हे खरोखरच होतं!) अगदी अलीकडचं म्हणजे १९६० साली आस्मुंड लेर्दाल या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थानं तोंडाने श्वास द्यायला शिकवणारी बाहुली केली, रेससी ॲन. तिचा चेहरा कुणाचा? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मृत चेहऱ्यावरून साचा घेतला होता असं सांगतात. तो मुखवटा युरोपात घरोघर शोभेला टांगलेला असे, लेर्दालनं तो आपल्या नातलगांच्या भिंतीवर पाहिला होता. अमेरिकेत प्रथमोपचाराच्या वर्गात लोक या बाहुलीला खांद्याला हलवून विचारतात, "ॲनी, ठीक आहेस ना?" साठ वर्षांहून अधिक काळ जगभर हा प्रश्न विचारला जातोय. ॲनीनं उत्तर दिलेलं नाही.

बोलणारा पेशंट पहिल्यांदा आणला तो हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञानं, १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये. त्यानं एका स्त्रीला पेशंटचं काम करायला शिकवलं आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. तेव्हा पुष्कळ टीका झाली, वैद्यकशास्त्राचं नाटक केलं म्हणून. आणि यंत्राला पेशंटची बोली दिली ती केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं, १९७२ साली स्टॅनफर्डमध्ये. त्याच्या पॅरी नावाच्या प्रोग्रॅमनं संशयानं पछाडलेल्या रुग्णासारखी उत्तरं टाइप केली आणि ती वाचून माणूस कोणता, यंत्र कोणतं, हे मानसोपचारतज्ज्ञांना खात्रीनं सांगता आलं नाही.

बॅरोजच्या त्या नाटकातून मी स्वतः गेले आहे. १९९९ साली, इथे रेसिडेन्सी मिळावी म्हणून, परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यायला फिलाडेल्फियाला गेले होते. एकेका खोलीत एकेक नट पेशंट होऊन बसलेला, दर पेशंटला पंधरा मिनिटं. परीक्षेआधी सगळ्यांनी बजावलं होतं, आत जाताना दारावर टकटक करायची, त्याला मार्क असतात. मी आधी हसले होते. आम्ही ज्या वॉर्डात शिकलो तिथे दार कुठे होतं? पण टकटक केली, मार्कांसाठी केली. आज सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली, टकटक केल्याशिवाय माझ्यानं पेशंटच्या खोलीत शिरवत नाही. मार्कांसाठी शिकलेला चांगुलपणा खोटा, असं कुणाला म्हणायचं असेल तर माझी निम्मी सभ्यता खोटी ठरेल.

हे सांगायचं कारण असं. पुतळा मुका असतो तेव्हा रेसिडेंट त्याच्या अंगावरची चादर ओढून टाकतात आणि त्याच्या डोक्यावरून आपापसात बोलतात. त्याला आवाज मिळाला, तो नुसतं "थंडी वाजतेय हो" म्हणाला, की कुणीतरी चादर परत वर ओढतं. प्लास्टिकला थंडी वाजत नाही हे त्या मुलीला ठाऊक आहे, तरी ती चादर ओढते. माझे एक सहकारी म्हणतात, हे ढोंग आहे, आपण मुलांना ढोंग शिकवतोय. मला तसं वाटत नाही. त्या चादरीची गरज पुतळ्याला नाही हे कबूल. पण हात कुठेतरी तयार व्हायला हवेत.

आमचे हात कुठे तयार झाले? सांगते. १९९१ च्या सुमाराची गोष्ट. आपल्याकडच्याच एका सरकारी हॉस्पिटलात आमची क्लिनिक्स चालायची. बायकांच्या वॉर्डात पाणथरी वाढलेली एक बाई होती, कुठल्याशा वाडीवरून आलेली. आम्ही तेरा विद्यार्थी होतो. तिला कुणी काही विचारलं नाही. सरांनी पांघरूण बाजूला केलं, आणि एकेकानं पुढे होऊन तिचं पोट दाबलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. तेरावी पाळी माझी. मी हात ठेवला तेव्हा पदराआडून आवाज आला, "पोरी, तुजा हात लई गार हाय."

मी हात चोळून गरम केले का? नाही. सर बघत होते. मी म्हटलं, "सर, चार बोटं," आणि बाजूला झाले. उत्तर बरोबर होतं.

परीक्षेच्या दिवसांत असे पेशंट चहा-बिस्किटं आणि थोड्या पैशांवर दिवसभर पडून राहात. त्यांना आपला आजार पाठ झालेला असे. एखादा कळवळून घाबरलेल्या विद्यार्थ्याला हळूच सांगे, "लिव्हर दोन बोटं, पाणी न्हाई." त्यांच्या मेहरबानीनं आम्ही पास झालो. एकलव्यानं मातीचा गुरू करून विद्या मिळवली, पण शेवटी अंगठा गेला तो जिवंत माणसाचा. आमच्या शिक्षणाची किंमत अशीच जिवंत माणसांनी मोजली, आणि ती सगळी गरीब होती. त्याआधी पहिल्या वर्षी शवविच्छेदनाला जी प्रेतं होती ती बहुतेक बेवारस. मुंबई शरीरशास्त्र कायदा १९४९ चा, त्याप्रमाणे ती मेडिकल कॉलेजकडे येत. कायद्यात बसणारं होतं. पण त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, आणि सीन नदीतल्या त्या मुलीलाही. २०१९ पासून भारतातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात स्किल लॅब आली आहे, पेशंटशी बोलावं कसं हेही शिकवतात, हे वाचून मला त्या बाईची आठवण झाली. पुतळ्याच्या बाजूनं माझं सगळ्यात मोठं म्हणणं तीच बाई आहे.

आता काकूंना न सांगितलेली अर्धी गोष्ट.

पुतळ्याचा आवाज व्हायला लागून थोडेच दिवस झाले होते. एक केस आली, 'वयस्कर भारतीय स्त्री'. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही उत्साहानं सिनेमात दाखवतात तसलं हेल काढून इंग्रजी बोलले, मान डोलावल्यासारखं. काचेमागे हशा पिकला, मीसुद्धा हसले. सेशन संपल्यावर एक रेसिडेंट, इथेच जन्मलेली गुजराती मुलगी, मला म्हणाली, "डॉक्टर, माझी आजी बोलते असं." रागावून नव्हे, नुसतं सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण फक्त तिची आजी नव्हतं.

२०११ च्या उन्हाळ्यात माझी आई इकडे आली होती. शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, वय अडुसष्ट. एका रात्री दोनला तिनं मला उठवलं. "अगं, पित्त झालंय बहुतेक. आलं-लिंबू घेतलं, पण कसंतरीच होतंय. जीव घाबरा होतोय." मी लागोपाठ दोन रात्री ऑन कॉल होते. आणि जीव घाबरा होणं हे आईचं नेहमीचं होतं. विमानात जीव घाबरा, लिफ्टमध्ये जीव घाबरा, मला घरी यायला उशीर झाला की जीव घाबरा. तरी इमर्जन्सीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं फोनवरच्या दुभाष्याला बोलवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "नको, मी डॉक्टर आहे, मीच सांगते." त्यानं विचारलं, छातीत दुखतंय का? आई म्हणाली, "दुखत नाही रे बाळा, जीव घाबरा होतोय नुसता." मी भाषांतर केलं, "छातीत दुखत नाही. शी इज अँक्शस."

जीव घाबरा होणं म्हणजे अँक्शस होणं नव्हे, हे तुम्हाला मराठी वाचणाऱ्यांना सांगायला नको. त्यात श्वास आहे, छाती आहे, काहीतरी वाईट होतंय हे शरीराला आधी कळणं आहे. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा न दुखता, नुसत्या अशाच अस्वस्थपणानं येतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होते. पहिल्या ईसीजीत ठाम काही नव्हतं. पित्ताचं औषध देऊन तिला एका कोपऱ्यात निजवलं. चार तास गेले. दुसऱ्या ईसीजीनं आणि रक्ताच्या तपासणीनं सगळं उघड केलं तेव्हा हृदयाचा बराचसा स्नायू गेला होता. स्टेंट घातला, ती वाचली. पुढे चार वर्षं जगली, पण जिना एकदाही न थांबता चढली नाही. आणि पुण्यात सगळ्यांना सांगत राहिली, "लेक डॉक्टर होती म्हणून वाचले हो." मी तिला खरं कधी सांगितलं नाही. २०१५ मध्ये ती गेली.

त्या गुजराती मुलीच्या वाक्यानंतर मी एक नवी केस लिहिली. पुतळा इंग्रजी बोलतच नाही, मराठी बोलतो. शेजारी त्याची 'मुलगी' उभी असते, ते काम आमची एक नर्स करते. पुतळा म्हणतो, "जीव घाबरा होतोय गं." मुलगी म्हणते, "शी इज अँक्शस." बस, एवढीच केस. जो रेसिडेंट मुलीला थांबवून विचारतो, "त्या नेमकं काय म्हणाल्या? शब्दशः सांगा," किंवा दुभाष्याला फोन लावतो, त्याला वाट सापडते. बाकीचे मुलीशीच बोलत राहतात. ती डॉक्टर आहे असं कळलं की तर पुतळ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

दोन-तीन सेशन झाल्यावर लक्षात आलं की काचेमागे मी बोलत नव्हते. 'गं' थोडा लांबवायची आईची लकब होती, ती आपोआप येत होती. मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

गेल्या वर्षी टेक्निशियननं सुचवलं, "तुमच्या आईचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? थोडासा पुरतो. मग संगणक त्यांच्याच आवाजात बोलेल आणि तुमचा घसाही वाचेल." बिचाऱ्याच्या मनात चांगलंच होतं. आवाज होता माझ्याकडे. २०१३ साली फोनवर आईनं मला उकडीच्या मोदकांची कृती सांगितली होती, ती मी रेकॉर्ड करून ठेवली होती. बावीस मिनिटं. त्यातली कृती पाच मिनिटांची, बाकी पिठी कुठली आणायची यावरून मला रागावणं.

पुण्याला दादाला फोन केला. तो म्हणाला, "देऊन टाक. आईला शिकवायची केवढी हौस! अगं, देहदान केलं तिनं. शरीर दिलं, आवाजाचं काय घेऊन बसलीस?" हा युक्तिवाद खोडायला सोपा नाही. आईनं पासष्टाव्या वर्षी फॉर्म आणून भरला होता, आणि ती गेल्यावर आम्ही तिला मेडिकल कॉलेजला पोचवलं होतं. मी ज्या टेबलांवर बेवारस माणसं पाहिली तसल्याच टेबलावर माझी आई गेली, पण स्वतःच्या सहीनं गेली. माझी मुलगी मात्र जेवता जेवता हातातला घास ठेवून म्हणाली, "आई, तू आजीला दर आठवड्याला हार्ट अटॅक आणणार?"

आठवडाभर मी दोघांच्या मध्ये होते. दादाचं बरोबर वाटायचं, मग मुलीचं. शेवटी मला आठवला तो आईचा फॉर्म. तिनं त्यातली ओळ न् ओळ वाचली होती. तिथल्या क्लार्कला विचारून विचारून भंडावलं होतं: किती दिवस ठेवता, नंतर अंत्यसंस्कार कोण करतं, मुलं थट्टा तर नाही ना करत. मग सही केली. आवाजाबद्दल तिला कुणी विचारलंच नाही, कारण तेव्हा तसं काही होतंच नव्हतं. आणि देह दिला तरी तो देह तिनं न केलेलं काही करणार नव्हता. हा आवाज तिनं कधी न उच्चारलेली वाक्यं बोलला असता, कधी न झालेल्या दुखण्यांनी कण्हला असता. केंद्राला गरज पडली तर उद्या तिच्या आवाजात मधुमेहाची पेशंट, परवा दारुड्या नवऱ्याची बायको. होकार देणाऱ्यालाही हे सगळं आधी दिसायला हवं, आणि ती तर आता पाहू शकत नव्हती.

त्यातलं एक कारण मात्र माझं खाजगी आहे, तेही लिहून टाकते. आईच्या आवाजात ते वाक्य दर गुरुवारी म्हटलं जाणार, आणि कधीतरी एखादा रेसिडेंट थांबून विचारणार, नेमकं काय म्हणाल्या? मग तिला वेळेवर ईसीजी, वेळेवर औषध. ती आठवड्याला एकदा वाचणार. हे मी विद्यार्थ्यांसाठी करणार होते की माझ्यासाठी? मला खात्री नव्हती.

मी नाही म्हटलं. टेक्निशियन "ओके" म्हणाला आणि केबल गुंडाळायला लागला. 'जीव घाबरा होतोय' हे शब्द मी ठेवले आहेत. ते काही एकट्या आईचे नाहीत, तुमच्या-माझ्या सगळ्या घरांतले आहेत. दादाला माझं अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, उद्या एखादा पोरगा खऱ्या आवाजानं अधिक शिकला असता तर? याला माझ्याकडे उत्तर नाही.

अडचण एवढीच आहे की मराठी पुतळ्याला सध्या माझा एकटीचाच आवाज आहे. डिसेंबरात मी पुण्याला जाते, त्या महिन्यात ही केस बंद असते. तेव्हा एक विनंती. आपल्या मंडळात साठीच्या पुढच्या कितीतरी मावश्या, काकू, काका आहेत. काही पाठ करायचं नाही, नटायचं नाही, काचेमागे खुर्चीवर बसायचं. रात्री दोनला आपल्या लेकीला उठवून जसं बोलाल तसं बोलायचं. आधी एक फॉर्म असतो, तो पूर्ण वाचा, घरी नेऊन वाचा. तुमचा आवाज संगणकात साठवून पुढे वापरण्याबद्दल त्यात एक कलम आहे, ते खोडता येतं. मी माझ्या फॉर्मवर खोडलं आहे. गुरुवारी सकाळी साडेसात, देवळाच्या पार्किंगमधून मी गाडीत घेऊन जाईन. आल्याचा चहा थर्मासमध्ये असेल.

मखरवाल्या काकूंनी होकार कळवला आहे. त्यांचा एकच प्रश्न होता, "मला मरायचं नाही ना त्यात?"

मी म्हटलं, "या केसमध्ये नाही, काकू."